दूर्वांची जुडी आणि नगरचा माळ

(गणेशोत्सवातील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सकाळी नगरच्या चितळे रस्त्यावर दूर्वांच्या जुड्या विकायला येतात. माळीवाड्यातील विशाल गणपतीच्या दर्शनाला निघालेला गृहस्थ एकवीस दूर्वांची जुडी घेतो आणि एरवी भाजीच्या भावावरून हुज्जत घालणारा तो, त्या दिवशी दूर्वांचा भाव करीत नाही. हाच गृहस्थ घरी परततो तेव्हा बंगल्यापुढच्या हिरवळीत उगवलेली हरळी त्याच्या डोळ्यांत खुपते. माळ्याला बोलावून तो ती मुळासकट काढवून घेतो. कारण हिरवळ परदेशी गालिचा-गवताची आहे आणि हरळीने तिची शोभा जाते. दूर्वा आणि हरळी या दोन वनस्पती नाहीत. एकाच गवताची ही दोन नावे आहेत. देवघरातले एक आणि बांधावरचे दुसरे.

या गवताला तिसरेही एक नाव आहे. इंग्रजी जगात ते ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून ओळखले जाते. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागातील घरांपुढची हिरवळ, गोल्फची मैदाने आणि जगभरातील कित्येक क्रिकेट मैदाने याच गवतावर किंवा त्याच्या संकरित वाणांवर उभी आहेत. आपण जे उपटून टाकतो ते तेथे पैसे मोजून पेरले जाते. यात आपल्या शेतकऱ्याला मात्र दोष देता येणार नाही. काळ्या रानात हरळी माजली की पीक गुदमरते. उन्हाळी नांगरटीनंतर तिच्या काशा वेचता वेचता घरातल्या बायाबापड्यांच्या कमरेचा काटा ढिला होतो. शेतात ती शत्रू, बांधावर मित्र आणि पूजेत पावित्र्य. जागेनुसार योग्यता ठरते, हे आपल्या लोकांना पूर्वी नीट कळत होते.

अनलासुराची कथा घरोघरी सांगितली जाते. अग्नीसारख्या त्या असुराला गणेशाने गिळले, पोटात दाह सुरू झाला, अनेक उपाय झाले आणि शेवटी ऋषींनी वाहिलेल्या दूर्वांनी तो शमला. आयुर्वेदही दूर्वेला शीतल मानतो. कथेचा भावार्थ प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेने घ्यावा. पण ज्या समाजाने विश्व पोटात घेणाऱ्या देवाचा दाह शमविण्यासाठी हिरे-माणके नव्हे, तर गवत निवडले, त्या समाजाची गवताकडे पाहण्याची दृष्टी काय होती, हे त्यातून उघड दिसते.

याच भाद्रपदाच्या उंबरठ्यावर, श्रावणातल्या अमावास्येला, आणखी एक योग येतो. महाराष्ट्रात तो दिवस बैलपोळ्याचा आणि पिठोरीचा. धर्मशास्त्रात तोच दिवस दर्भग्रहणाचा आहे. एरवी तोडलेला दर्भ त्या दिवसापुरता चालतो, या अमावास्येला विधिपूर्वक घेतलेला दर्भ वर्षभर चालतो, असा संकेत आहे. श्राद्धात बोटात जे पवित्रक घालतात ते याच दर्भाचे. म्हणजे ज्या दिवशी गवत खाणाऱ्या बैलाची पूजा, त्याच दिवशी गवताचा संग्रह. पावसाने माळ भरला आहे, गवत कोवळे आहे, अशा ऐन वेळेला हे दोन्ही आचार एकत्र यावेत याचे शेतकऱ्याला तरी आश्चर्य वाटणार नाही. घरातल्या माठात टाकलेला वाळा, पावसाळ्यात चहात पडणारी गवती चहाची पात, छपरावर शाकारलेले गवत, हेही सारे याच कुळातले. आणि आपली भाषा? शरण येणारा दाती तृण धरतो, मानी पुरुष संपत्तीला तृणवत् लेखतो, बुडत्याला काडीचा आधार असतो आणि संसार मोडला की काडीमोड होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातले जे कुसळ आपल्याला चटकन दिसते, तेही माळावरच्या कुसळी गवताचेच.

कुसळीचा उल्लेख आला आहे तर नगरच्या माळाकडेच वळावे.

या जिल्ह्याची दोन रूपे आहेत. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या काठचा बागायती पट्टा. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या भागाचे भाग्य पालटले. दक्षिणेला आणि पश्चिमेच्या पठारावर पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी, नगर तालुका. मुरमाड, उथळ मातीचा अवर्षणग्रस्त माळ. गंमत अशी की, उत्तरेला ज्याने श्रीमंत केले तो ऊस हाही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवतच. ज्वारी, बाजरी, गहू ही तर सरळच तृणधान्ये. एका तहानलेल्या गवताने जिल्ह्याचे राजकारण, अर्थकारण आणि पाटपाणी व्यापले. माळावरची जी गवते पाटाचे पाणी मागत नाहीत, खत मागत नाहीत, त्यांची नावे मात्र नव्या पिढीला ठाऊक नाहीत.

ती नावे सांगितलीच पाहिजेत. पवन्या हा माळाचा राजा. उंच, मऊ, गुरांचा आवडता. मारवेल काळसर, जरा खोल मातीत वाढते आणि वाळल्यावरही तिचा कस टिकतो. डोंगरउतारावर डोंगरी गवत, कोरड्या रेताड जागी अंजन. आणि माळ अति चारला गेला, वरचेवर जाळला गेला की हळूहळू सगळीकडे पसरणारी कुसळी. ही कुसळी कोवळेपणी चांगला चारा असते. पण फुलोऱ्यानंतर तिचे टोकदार बी लोकरीत, कातडीत, धोतरात घुसते. ओल लागताच त्या कुसळाला पीळ पडतो आणि बी स्वतःच स्वतःला जमिनीत रोवून घेते. जाणता गुराखी माळावरचे गवत पाहून सांगतो, हा माळ राखलेला आहे की लुटलेला. पवन्या-मारवेल दिसली तर राखलेला, नुसती कुसळी दिसली तर थकलेला, आणि तीही गेली की मुरूम उघडा पडतो.

हे केवळ गुराख्याचे शास्त्र नव्हे. देशातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ साली ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दख्खनच्या पठारावरील गवताळ प्रदेशाला जे शास्त्रीय नाव दिले आहे, ते पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या कुळांवरून, सेहिमा-डायकँथियम, असे आहे.

येथे एक समज दूर केला पाहिजे. शाळेत आपल्याला शिकविले गेले की, माळ म्हणजे उजाड झालेले जंगल. पूर्वी येथे घनदाट अरण्य होते, माणसाने कुऱ्हाड चालविली आणि माळ झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी, अकोल्याच्या पश्चिम भागात, हे काही प्रमाणात खरे असेलही. पर्जन्यछायेतल्या पठारावर ते खरे नाही. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली ताम्र-कांस्य युगातील प्रसिद्ध मूर्ती सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही प्राणी गवतावर जगणारे आहेत, हा योगायोग असला तरी बोलका आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर मराठी संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, दैवतकथा आणि लोकपरंपरेतल्या रचना तपासून त्यांत आलेल्या रानवनस्पतींची नोंद केली. त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती मोकळ्या, उन्हाळ माळाच्या निघाल्या, दाट अरण्याच्या नव्हे. आपल्या संतांनी आणि धनगरांच्या ओव्यांनी जो मुलूख पाहिला तो गवताचाच होता. माळ हे उद्ध्वस्त अरण्य नाही. ती स्वतंत्र, पुरातन सृष्टी आहे.

मग ती उजाड मानली कोणी? इंग्रजी अमलात जमीनमोजणी झाली तेव्हा सरकारला हवा होता सारा. जी जमीन पीक देत नाही, ती सारा देत नाही, ती ‘खराबा’. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ हा शब्द आजही त्या दृष्टीची साक्ष देतो. शिवकाळात आणि पेशवाईत याच जमिनी राखीव कुरणे होती. मराठ्यांच्या घोडदळाचे बळ तलवारीत होते तितकेच गवताच्या गंजीत होते; भीमेच्या काठची भीमथडी तट्टे याच चाऱ्यावर वाढली आणि दूरदूरच्या मोहिमांवर गेली. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, शब्द राहिले. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत गवताळ प्रदेशाला ‘पडीक’ हेच स्थान मिळाले.

या शब्दाचा परिणाम कागदावर थांबत नाही. जागा पडीक ठरली की तिचा ‘उपयोग’ करण्याची घाई होते. कोठे औद्योगिक वसाहत, कोठे सौरऊर्जेचे प्रकल्प, कोठे अतिक्रमण. गावाच्या सामायिक जमिनी गावाच्याच राहिल्या पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग प्रकरणात बजावले. तरी गायरान म्हणजे कोणाचेच नसलेले रान, ही समजूत गेलेली नाही. हे सारे लोभापोटी होते असे मानून आपण आपली सुटका करून घेऊ नये. काही हानी सद्भावनेनेही होते. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला गेला. संकल्प उदात्तच होता आणि आपल्यापैकी अनेकांचे हात त्या मातीला लागले आहेत. पण झाडांसाठी मोकळी जागा शोधताना दृष्टी पहिल्यांदा माळाकडेच वळते. चांगल्या गवतात खड्डे घेतले जातात. गुरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून गिरिपुष्प लावले जाते. त्यातली निम्मी रोपे पहिल्या उन्हाळ्यात जातात, जगलेल्या झाडांच्या सावलीत ऊन हवे असणारे गवत मरते आणि छायाचित्रात मात्र सगळे हिरवे दिसते. गावठाण, ओढ्याचे काठ, रस्त्याच्या कडा, शाळेची आवारे, येथे वड-पिंपळ-लिंब जरूर लावावेत. पवन्या उभा असलेल्या माळावर लावू नयेत, एवढेच.

माळ गेला की कोण जाते, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे; १९८० साली घोषित झालेले, क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. त्या आधीच्या वर्षी, १९७९ मध्ये, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेले माळढोक अभयारण्य झाले; त्यात कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे तालुक्यांतील भाग होता. माळढोक झाडावर बसत नाही. उघड्या गवतात, जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची चर्चा चालू असताना डॉ. सालिम अलींनी याच पक्ष्याचा आग्रह धरला होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे ही वृत्तपत्राची बातमी ठरते.

अमेरिकेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. तेथील मध्यभागात ‘प्रेअरी’ नावाचा गवताचा समुद्र होता. १८३७ साली जॉन डीअरने पोलादी नांगर बनविला आणि पुढच्या शतकभरात तो समुद्र उलथून गेला. उंच गवताच्या प्रेअरीचा शेकडा चार हिस्साही आज शिल्लक नाही. १९३० च्या दशकात पाऊस हटला तेव्हा त्याहून पश्चिमेकडच्या कोरड्या मैदानांत मुळांची वीण नसलेली माती वाऱ्याबरोबर उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी भर दिवसा अंधार झाला; लाखो लोक गावे सोडून गेले. त्याच महिन्यात तेथे मृदसंधारणाचा कायदा झाला. आता त्या प्रदेशात लोक घरापुढे स्थानिक ‘बफेलो गवता’ची हिरवळ लावू लागले आहेत. तिला पाणी थोडे लागते, कापणी कमी लागते.

आणि येथेच एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपली मारवेल चाऱ्यासाठी टेक्सासमध्ये नेण्यात आली, आपल्याकडेही वाढणारे अंजन ॲरिझोनाच्या वाळवंटात पोचले. तेथे ती दोन्ही आज उपद्रवी घुसखोर मानली जातात. अंजनामुळे तर वाळवंटात पूर्वी कधी नव्हते असे वणवे लागू लागले. गवत तेच. नगरच्या माळावर जे संपदा ठरते ते दुसऱ्याच्या भूमीत संकट ठरते. स्वदेशीचा विचार गवतालाही लागू पडतो, तो असा.

आता नगर तालुक्यातील हिवरे बाजारकडे पाहू. या गावाच्या पाण्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. गवताबद्दल फारच थोडे. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले होते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे आपण जाणता. डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले, श्रमदान झाले, कुऱ्हाडबंदी आली आणि तिच्या जोडीला चराईबंदी. चराईबंदीचा अर्थ गवताला बंदी असा नव्हता. गुरे डोंगरावर सोडायची नाहीत. शुल्क भरायचे, विळा घेऊन जायचे, गवत कापून डोक्यावर भारा आणायचा. नियम ऐकायला साधा आहे, पण त्याच्या पोटात गवताचे सारे शास्त्र आहे. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. बुडखा राखून वरून कापले तर ते पुन्हा फुटते. खुराखाली तुडवले आणि दातांनी मुळाशी ओरबाडले तर वर्षा-दोन वर्षांत संपते. मुळे जगली की माती धरली जाते, माती धरली गेली की पाणी मुरते. गावाच्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार २००० साली गवताचे उत्पादन १०० टनांच्या आसपास होते, २००४ मध्ये ते ६,००० टनांवर गेले. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावाचे रोजचे दूध सुमारे १५० लिटर होते. त्याच २००४ च्या सुमारास ते २,२०० लिटरवर पोचले. विहिरीला पाणी आले हे खरे, पण घरात रोज पैसा आला तो या विळ्याच्या वाटेने.

या यशाला एक दुखरी बाजूही आहे, ती लपवू नये. माळ बंद केला की ज्याच्याकडे जमीन आणि गोठ्यात बांधलेल्या गाई आहेत, त्याला विळ्याने भागवता येते. शे-दोनशे मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर मात्र विळ्याने मेंढ्या पोसू शकत नाही. संगमनेर तालुक्यात दरेवाडीला पाणलोटाचे काम उभे राहिले तेव्हाही मेंढपाळांचा प्रश्न अवघड झाला होता. आणि हा समाज माळाचा लुटारू कधीच नव्हता. पावसाळ्यात पर्जन्यछायेच्या कोरड्या माळावर मेंढ्या चारायच्या. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेकडे, कापणी झालेल्या शेतांकडे निघायचे. रात्री शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्याला खत मिळे, धनगराला धान्य. आणि ज्येष्ठात परत फिरायचे. मधले सात-आठ महिने माळाला विसावा मिळे. हीच तर फिरती चराई, जी आज कृषिविद्यापीठे पुस्तकातून शिकवितात. बारमाही ऊस आला, मोकळी राने संपली, वाटा अडल्या आणि मेंढ्या वर्षभर एकाच माळावर अडकल्या. दोष मेंढीचा सांगितला गेला.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडीचा. धनगर कुळातला, माळाच्या मुलखातला. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले, २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी थाटात झाली. ज्या समाजाने त्यांना घडविले त्याच्या मेंढ्यांसाठी जिल्ह्यातल्या प्रत्येक राखीव माळाचा एखादा तुकडा आळीपाळीने मोकळा राहील, एवढी व्यवस्था ग्रामसभांना अशक्य नाही. माळाचे चार भाग करून दरवर्षी एकाला पूर्ण विश्रांती द्यायची, हा हिशेब पाटी-पेन्सिलीवर बसतो.

अन्यथा काय होते, ते या जिल्ह्याने २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत पाहिले आहे. चारा छावण्या. उघड्या रानात शेडनेटखाली बांधलेली हजारो जनावरे, शेजारी मुक्काम ठोकलेले घरधनी, आणि दावणीत उसाचे वाढे. वाढ्यांनी पोट भरते; पण त्यातले ऑक्झॅलेट शरीरातला चुना बांधून ठेवते, सतत त्यावरच ठेवलेली दुभती गाय खंगते. पशुवैद्य हे वर्षानुवर्षे सांगत आले. सरकारने आणि सेवाभावी संस्थांनी छावण्या चालविल्या नसत्या तर गोधन खाटकाकडे गेले असते, हे मान्यच. पण गोरक्षणाचा विचार छावणीपासून सुरू होत असेल तर तो फार उशिरा सुरू होतो. डांगी आणि खिलार गाय, संगमनेरी शेळी, दख्खनी मेंढी, हे सारे वाण माळाने घडविले. गाय आई आहे, असे म्हणणाऱ्याच्या गावात गायरान किती एकर आहे आणि त्यातले किती उरले आहे, हे त्याला तलाठ्याकडे न जाता सांगता आले पाहिजे.

ज्ञानही जवळच आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून याच जिल्ह्यात आहे. फुले जयवंतसारखे संकरित नेपियर गवत तेथलेच. पण त्याला पाणी लागते, ते बागायतदाराचे. कोरडवाहू माणसासाठी मारवेल. तिची ठोंबे पाऊस सुरू होताच बांधावर लावली तर बांधही धरून राहतो आणि वर्षानुवर्षे चारा मिळतो. शहरातल्या माणसाने निदान अंगणातली टँकरवर जगणारी हिरवळ काढून तेथे हरळी वाढू द्यावी. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल. पडू द्यावी, पहिल्या वळिवाबरोबर ती स्वतःच उठते, आणि पुढच्या चतुर्थीला दूर्वा विकत आणाव्या लागत नाहीत.

माळावरची गवते मात्र बाजारात सहज मिळत नाहीत. पवन्याचे आणि डोंगरी गवताचे बी हाताने गोळा करावे लागते. आश्विन सरता सरता तुरे पिकतात. सकाळचे दव वाळल्यावर, बी झडून जाण्याआधी ते ओरबाडून कापडी पिशवीत भरायचे, सावलीत वाळवायचे आणि मृगापर्यंत कोरड्या जागी ठेवायचे. शाळेतली मुले हे काम एका सुटीच्या दिवसात करू शकतात. आज चतुर्थी होऊन चार दिवस झाले आहेत. बी धरायला अजून महिना-दीड महिना आहे.